मावशीच्या फाइलला कोड देताना

मी पुण्यात मेडिकल कोडर आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट वाचायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या अमेरिकी यादीतला नेमका कोड लावायचा, हे माझं रोजचं काम. इमर्जन्सी आणि स्त्रीरोग हे माझ्याकडचे दोन विभाग. त्यामुळे एन ७० ते एन ७७, म्हणजे बायकांच्या ओटीपोटातले आणि जननमार्गातले दाह, मला तोंडपाठ आहेत. आमच्या बीडमधल्या धारूरकडे या सगळ्याला मिळून एकच नाव आहे: पिशवीला सूज.

चार्टमध्ये नुसतं 'पीआयडी', म्हणजे ओटीपोटातल्या अवयवांचा दाह, एवढंच लिहिलं असेल तर एन ७३.९. पण तेवढ्यावर थांबायचं नसतं, पूर्ण चार्ट वाचायचा. सूज नळीत आहे की अंडाशयात? आताची की जुनी? नळी आणि अंडाशय दोन्हीत आणि तीव्र असेल तर एन ७०.०३. नळीत पाणी साचून ती फुगली असेल, म्हणजे हायड्रोसालपिंक्स, तर एन ७०.११, कारण तो जुनाट दाहात धरतात. गर्भाशयाला असेल तर एन ७१, पिशवीच्या तोंडाला असेल तर एन ७२. आणि क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूमुळे पीआयडी झाल्याचं डॉक्टरांनी लिहिलं की 'एन' सुटतोच, ए ५६.११ लागतो. टीबीमुळे असेल तर ए १८.१७. हा शेवटचा मला अमेरिकेच्या चार्टमध्ये क्वचितच दिसतो. आपल्याकडे मात्र मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईत डॉक्टरांना तो लक्षात ठेवावा लागतो.

या कामातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ओपीडीच्या किंवा इमर्जन्सीच्या चार्टमध्ये 'शक्यता', 'संशय' असं लिहिलं असेल तर त्या आजाराचा कोड लावायचाच नाही. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, अंगावरून जातंय, जे आहे तेवढंच कोड करायचं. ॲडमिट पेशंटचा नियम वेगळा आहे, पण ते असो. पहिल्या वर्षी मी 'रूल आउट पीआयडी', म्हणजे पीआयडी नाही ना ते बघा, असं लिहिलेल्या चार्टला एन ७३.९ लावला होता. क्यूएमध्ये, म्हणजे कामाच्या तपासणीत, एरर आली. आमच्या लीड मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे त्या बाईच्या रेकॉर्डला चिकटतं. तिला नसलेला आजार तू दिलास." ते वाक्य मी विसरलेले नाही.

या दिवाळीत गावी गेले तेव्हा मावशीनं पत्र्याच्या पेटीतून एक पिवळी कॅरीबॅग काढली. "तू दवाखान्याचे कागद वाचतीस ना, मग हे वाच." आत चारच कागद. घड्यांवर फाटलेली एक सोनोग्राफी, एक चिठ्ठी, पैशांची पावती आणि डिस्चार्ज कार्ड. साल २०११. मावशी तेव्हा २७ वर्षांची होती.

मी सवयीनं कोड लावत गेले. सोनोग्राफीत लिहिलंय 'बल्की युटरस'. त्याला एन ८५.२, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पिशवी. तो दाह नाही. चिठ्ठीवर 'सर्व्हायकल इरोजन'. त्याला एन ८६. तोही दाह नाही, आणि पुष्कळ बायकांत तो आजारसुद्धा नसतो. पिशवीच्या तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर बाहेर आलेलं असतं, ते लाल दिसतं, एवढंच. डिस्चार्ज कार्डावर मात्र ऑपरेशनचं कारण म्हणून तीन अक्षरं: पीआयडी. ताप किती, तपासताना कुठे दुखलं, कसलीच नोंद नाही. पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, नाही, बायॉप्सी नाही, काढलेली पिशवी तपासायला पाठवल्याचा रिपोर्टही नाही. पीआयडीला सेफ्ट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन आणि १४ दिवस डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, हे मी रोज चार्टमध्ये वाचते. मावशीच्या चिठ्ठीवर पाच दिवसांच्या कॅप्सूल होत्या.

"डॉक्टर म्हणले, तोंडाला जखम हाय. काढली न्हाय तर कॅन्सर व्हईल."

इरोजनचा कॅन्सर होत नाही. कॅन्सरची वाट वेगळी आहे: एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग टिकून राहतो, पेशी बदलतात, तो एन ८७, पुढे वरच्या थरातच असलेला कॅन्सर, तो डी ०६, आणि मग पसरणारा कॅन्सर, सी ५३. त्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात, आणि मधल्या मुक्कामावर तो सापडतोही. मावशीला कुणी एवढं सांगितलं असतं तर ती थांबली असती का? मला खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा ती काकांबरोबर सांगलीकडे उसाला जायची, दोघांचा मिळून एक कोयता. पाळीत एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा. त्यात दोन लेकरं झालेली, मग पिशवी हवी कशाला, असं घरातलेच म्हणाले. ऑपरेशनचे पैसे मुकादमाच्या उचलीतून गेले आणि ते फेडायला पुढचे दोन हंगाम तिनंच ऊस तोडला.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड बायकांचे आकडे आले. ८२ हजारांहून जास्त जणींची पाहणी झाली होती, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. मला तेव्हापासून एकच वाटतं. त्या प्रत्येकीच्या कार्डावर कारण काय लिहिलंय, ते कोणी तरी कोडरच्या नजरेनं वाचायला हवं. सूज कुठे, कधीपासून, कशामुळे, कोणत्या तपासणीत दिसली. आम्हाला शंका आली तर डॉक्टरांना क्वेरी पाठवता येते, आणि त्या क्वेरीत उत्तर सुचवायलासुद्धा मनाई असते. इथे विचारायला कोणी नव्हतं.

मावशीनं विचारलं, "मग तुझ्या त्या मशिनीत माझा आकडा कोणता?"

"झेड ९०.७१०."

"म्हंजी?"

"पिशवी आणि तिचं तोंड, दोन्ही काढलेलं आहे."

"ते मला ठावं हाय. का काढली, ते लिवलंय का त्यात?"

मी नाही म्हणाले. अंडाशयं ठेवली की काढली, तेही कार्डावर नाही. तिशीच्या आत तिच्या अंगातून, पाळी जाताना येतात तशा, वाफा यायला लागल्या होत्या आणि आता कंबर धरते, म्हणून मला काढल्याचाच संशय आहे. पण संशयाला मी कोड लावणार नाही. पुढच्या महिन्यात तिला पुण्याला आणतेय, सोनोग्राफी आणि हाडांची डेक्सा तपासणी करायला. कागद मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेत. शेळ्या चार दिवस कोणाकडे ठेवायच्या, एवढंच तिचं ठरायचंय.