सातव्या मॉड्यूलमधला तो प्रश्न

टॉर्क रेंचला (ठरवलेला जोर आला की 'टक्' वाजणारा पाना) क्रोफूट (पुढे जोडायचं, नटावर बाजूने बसणारं उघडं तोंड) जोडला तर सेटिंग किती ठेवायचं, हा प्रश्न मला विमान देखभालीच्या लायसन्सच्या परीक्षेत आला होता. उत्तर बरोबर आलं. मॉड्यूल सात सुटलं आणि प्रश्न डोक्यातून गेला.

बाहेरच्या लोकांना वाटतं, लायसन्सची परीक्षा म्हणजे इंजिन उघडून दाखवायचं. पार्ट-६६च्या (विमान देखभालीच्या लायसन्सचे नियम) पद्धतीत मॉड्यूलवार पेपर असतात. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय, सरासरी ७५ सेकंद, पास व्हायला ७५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून सगळे जुने प्रश्नसंच घोकतात, मीही घोकले. 'आधी पास हो, कळेल मग' असं सिनियर सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

दोन महिन्यांनी रात्रपाळीत व्हील वेलमध्ये (विमानाची चाकं आत घेतली जातात ती खोबण) हायड्रॉलिकचा अर्ध्या इंची स्टीलचा पाइप बदलत होतो. पाइप नटाच्या आरपार गेलेला असतो, त्यामुळे त्यावर सॉकेट चढत नाही, क्रोफूटच लावावा लागतो. कामाच्या कार्डावर टॉर्क, म्हणजे नट आवळायचा पिळाचा जोर, ५०० ते ७०० इंच-पाउंड. मी नेहमीसारखा रेंच ६००वर लावला आणि हात आत घातला. टॉर्च धरून उभा असलेला नवा पोरगा म्हणाला, "दादा, पाना पुढे लांब झालाय, मग जोर जास्त नाही का लागत?"

मी हात बाहेर काढला. सूत्र पाठ होतंच. हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक क्रोफूटची लांबी. रेंच १२ इंची, क्रोफूट ३ इंची. ६०० गुणिले १२, भागिले १५. उत्तर ४८०. म्हणजे ६००वर 'टक्' वाजेपर्यंत नटावर ७५० पडले असते. क्रोफूट काटकोनात बसला तर हा फरक जवळजवळ पडत नाही, पण त्या खोबणीत तो सरळच बसतो. मी ४८०वर लावून नट आवळला, मग कागदावर पुन्हा एकदा गणित केलं.

खरी धडकी त्यानंतर भरली. याच जागचं काम मी आधी तीन विमानांवर केलं होतं.

मॉड्यूल नऊसाठी (विषय: माणसाकडून होणाऱ्या चुका) त्याच आठवड्यात १९९०ची बीएसी वन-इलेव्हन या प्रवासी विमानाची केस वाचली होती. विंडस्क्रीनच्या ९० बोल्टांपैकी ८४ बारीक व्यासाचे बसले होते, कारण जुना बोल्ट हातात धरून नवे नजरेने जुळवले होते. १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला. इतका अनुभवी माणूस असं कसं करतो, असं मी वहीच्या समासात लिहिलं होतं.

पहाटे काम सर्टिफाय करणाऱ्या, म्हणजे सही करून पास करणाऱ्या, सरांकडे गेलो. "सर, मागच्या तीन पाइपांना मी क्रोफूटचा हिशेब धरला नव्हता." शेजारचा एक जण लगेच म्हणाला, "गळत नाहीये ना? मग कशाला उकरतोस?" अशी माणसं हँगरमध्ये असतात आणि लायसन्सही मिळवतात, हे मला पटत नाही. सर काही बोलले नाहीत. त्यांनी रिपोर्टचा फॉर्म काढला, तिन्ही विमानांचे नंबर विचारले आणि माझ्यासमोर लिहायला बसले.

दोन जोड ठीक निघाले. तिसऱ्यात नट जादा आवळल्याने फ्लेअरची (पाइपाच्या पसरट केलेल्या तोंडाची) कड दबून पातळ झाली होती. गळती नव्हती. स्क्रॅपला पाठवण्याआधी सरांनी तो पाइप माझ्या हातात दिला. कडेवरून अंगठा फिरवला, तर एका जागी केसाएवढ्या चिरेत नख अडकलं.