कूलरमध्ये बर्फ टाकू का?

मे महिना लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत कुणी ना कुणी अडवतंच, "काका, कूलरच्या टाकीत बर्फ टाकला तर खोली जास्त गार होईल ना?" भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, तेव्हा हा प्रश्न माझ्याच दारी येणार. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: हौस असेल तर टाका, पण पैसे पाण्यात.

किलोभर बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता घेतो. ते पाणी पंचवीस अंशांवर येईस्तोवर आणखी 25. झाले 105. उलट एक किलो पाणी जाळीतल्या घासेवरून, म्हणजे तिथे भरलेल्या गवतासारख्या थरावरून, नुसतं उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे विकतच्या किलोभर बर्फाचं काम नळाचं कपभर पाणी करतं. ग्वाल्हेरच्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या गरम वाऱ्यात, तेवढं तर कूलर काही मिनिटांत पितो.

ही उष्णता येते आत शिरणाऱ्या हवेतूनच. पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून सुटायला ऊर्जा लागते. ती देता देता हवा गार होते. तापमापीवर ती ऊर्जा दिसत नाही, म्हणून पुस्तकात ती अप्रकट उष्मा. जोसेफ ब्लॅकने 1760 च्या दशकात ग्लासगोत ती मोजली होती.

बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर टाकीतलं पाणी फिरून फिरून आपणहून 23 अंशांच्या आसपास उतरतं. बर्फाने अजून उतरवलंत तर घटकाभर झुळूक बरी लागते, खोटं कशाला बोलू. पण थंड पाणी उडतंही कमी. ऑगस्टमध्ये हवाच ओली, पाणी उडायला जागा नाही; तेव्हा कूलर म्हणजे आवाज करणारा पंखा.

त्यापेक्षा जाळी उघडून बघा. पाणी सोडणाऱ्या नळीचं एखादं भोक क्षाराने बुजलेलं असतं, त्याखालची घास पांढरी, कडक, कोरडी ठाक. तिथे आतून हात धरा, लू सरळ बोटांवर येते. भोक टाचणीने मोकळं केलंत की बर्फाहून जास्त फरक पडेल.

आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. हे मात्र कुणी ऐकत नाही! एसी असल्यासारखी दारं-खिडक्या लावून घेतात, चादरी दमट होतात, अंग चिकचिकतं, आणि बोल कूलरला. हवेची उष्णता त्या वाफेतच दडलेली असते. वाफ बाहेर जायला वाट नसेल तर जाळीवरचं पाणी पुढे उडणार कुठे?