तुम्ही विचारलंत म्हणून: धुकं शोधायला कुठे जायचं?

थंडी पडायला लागली की एक प्रश्न मला हमखास येतो. "ताई, धुक्याचे फोटो काढायचेत. कुठे जाऊ?" विचारणाऱ्याला एखादं नाव हवं असतं. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर असं काहीतरी मी सांगावं आणि शनिवारी रात्री गाडी काढावी. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. कुठेही जाऊ नका. घरातून पहाटे निघून अर्ध्या तासात पोचता येईल अशी नदीकाठची नाहीतर तळ्याकाठची एकच जागा धरा, आणि तिथेच जात राहा.

माझी जागा वाईच्या वरच्या अंगाला, मेणवली आणि धोमच्या मधे, कृष्णेच्या काठावर आहे. जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा. एका बाजूला पांडवगड, समोर पाचगणीचं पठार, मधे ऊस, हळद, गहू आणि कांदा. नऊ हिवाळे मी इथेच येते आहे. मेणवलीचा घाट, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर तिथून आणलेली ती मोठी घंटा, हे बघायला दिवसा पुष्कळ लोक येतात. पहाटे साडेसहाला मात्र घाटावर कुणी नसतं, आणि घंटेचा मंडप पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो.

आंबोली-महाबळेश्वरला पावसाळ्यात जे दिसतं, तो डोंगराला टेकलेला ढग. तो वाऱ्याबरोबर पळतो, दिवसदिवस हटत नाही आणि त्यात सूर्य नसतो. हिवाळ्यात खोऱ्यात पडणारं धुकं तिथल्या तिथे तयार होतं. रात्री आभाळ मोकळं असलं की जमिनीतली ऊब निघून जाते, जमिनीलगतची हवा गारठते. गार हवा जड. ती उतारावरून ओघळत खाली येते आणि खोऱ्यात साचते. नदीचा आणि भिजवलेल्या रानांचा ओलावा तिथे असतोच. हवा दवबिंदूला, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तिथवर, पोचली की त्या ओलाव्याचे थेंब होतात, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढे बारीक. हा थर बऱ्याचदा नारळाच्या झाडाएवढाही उंच नसतो. वाईत दहा पावलांवरचं दिसत नसतं, तेव्हा पाचसहाशे मीटर वर पाचगणीत लख्ख ऊन पडलेलं असतं. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात उभं राहून खाली पाहिलं तर सगळं खोरं दुधाने भरलेलं दिसतं.

एकाच जागेचा पहिला फायदा म्हणजे उद्या धुकं पडणार की नाही, हे आदल्या संध्याकाळी कळू लागतं. मोबाइलवर तापमान आणि दवबिंदू दोन्ही दिसतात. रात्री त्यांच्यात दोन अंशांचंच अंतर उरणार असेल तर आशा धरायची. पण माझा भरवसा जास्त आहे तो गुऱ्हाळावर. संध्याकाळी त्याचा धूर थोडा वर जाऊन एकदम आडवा पसरला, उसाच्या शेंड्यांवर चादरीसारखा थबकला, की समजायचं वर ऊबदार हवेचं झाकण बसलंय आणि वारा पडलाय. दुसरी खूण गुडघ्यांना कळते. स्कूटरवरून ओढ्याच्या फरशीवर उतरताना एक गार झोत लागतो आणि चढ चढला की ऊब परत येते. असा झोत लागला त्या रात्री मी साडेपाचचा गजर लावते. आदल्या दिवशी अवकाळी शिंतडून गेला असेल किंवा पाटाचं आवर्तन सुरू असेल, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असेल, तर आणखी चांगलं. आभाळ आलं की मात्र निवांत झोपावं. ढगांची गोधडी जमिनीला गारठू देत नाही.

सूर्य उगवला की धुकं विरेल असं वाटून लोक अंधारातच फोटो उरकतात. बहुतेकदा उलटं होतं. पहिल्या उन्हाने दव उडतं, हवा जराशी ढवळते आणि धुकं आणखी दाट होतं. संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडे सूर्य सातनंतर दहाएक मिनिटांनी उगवतो आणि वैराटगडाच्या बाजूचे डोंगर ओलांडून यायला त्याला आणखी वेळ लागतो. साडेसात ते सव्वाआठ हा माझा वेळ. सूर्य समोर घ्यायचा, पण झाडाआड. मग फांद्यांमधून किरणांचे पट्टे सुटतात. सूर्य पाठीशी असेल तेव्हा एकदा समोरच्या धुक्यात नीट बघा. थर पुरेसा पातळ असेल तर पांढरी कमान दिसते. इंद्रधनुष्याचीच बहीण, पण थेंब इतके बारीक असतात की रंग एकमेकांत मिसळून जातात. नऊ वर्षांत मला ती चारदा दिसली आहे.

आता "माझे फोटो नुसते राखाडी येतात" ही तक्रार. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मधला करडा समजतो आणि चित्र काळवंडवतो. त्याला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट), कधी दीड स्टॉप जास्तीचा उजेड द्यायला लागतो. ऑटोफोकसला धुक्यात धरायला काही सापडत नाही, लेन्स नुसती मागेपुढे होत राहते. खोडाची कड बघून हाताने फोकस करा. पण खरं कारण बहुधा वेगळंच असतं. फोटोत काळं, जवळचं असं काही नसतं. जवळची बाभूळ गडद, तिच्यामागचा बांध फिका, त्यामागची चिंच आणखी फिकी, असं एकामागे एक असलं तर धुकं दिसतं. लांब पल्ल्याची लेन्स हे पदर एकमेकांजवळ आणते, म्हणून मी ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सशिवाय फारसं काही नेत नाही. आणि कुठल्या झाडामागे कुठलं झाड आहे हे धुक्यात शोधून सापडत नाही. ते आधी, लख्ख दुपारी, चालून ठेवावं लागतं.

एक चूक मी पहिल्या वर्षी केली. काचेवर ओल आली म्हणून शालीच्या टोकाने पुसली. ओल पसरली, शालीचे धागे चिकटले आणि त्या सकाळचे सगळे फोटो गेले. आता लेन्सच्या तोंडाला हूड, म्हणजे आडोशाची कडी, लावते, स्वच्छ सुती फडकी तीनचार ठेवते आणि लेन्सचं तोंड फोटोपुरतंच उघडं ठेवते. घरी आल्यावर गार कॅमेरा चुलीजवळ किंवा गरम स्वयंपाकघरात काढायचा नाही. बॅगेची चेन बंद ठेवून तासभर तसाच राहू द्यायचा.

आणि रस्ता. हे मी प्रत्येकाला सांगते, सांगितल्याशिवाय सोडत नाही. ऊसतोडीचे दिवस असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात आणि त्या तुमच्यापुढे अगदी शेवटच्या क्षणी येतात. हळू जा, दिवा खालचा ठेवा, आणि थांबायचं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या. कॅमेरा घेऊन डांबरावर उभं राहू नका.

ज्यांच्या बांधावर मी उभी असते ते आबा सत्तरीचे आहेत. त्यांच्याकडे धुकं म्हणत नाहीत, धुई म्हणतात. दोन दिवस ओळीने धुई पडली की ते सकाळीच वाफ्यात वाकलेले दिसतात, कांद्याच्या पातीचे शेंडे चिमटीत धरून उलटेपालटे करत. पातीवर ओल जास्त वेळ राहिली की करपा रोग येतो. "तुमाला धुई ग्वाड लागती ताई," ते एकदा म्हणाले, "मला औषधाचा खर्च दिसतो." रागाने नव्हते बोलले. त्या दिवसापासून मी आधी पात कशी आहे ते विचारते आणि मग बॅग उघडते.

मागच्या जानेवारीत त्यांच्या रानाचा एक फोटो छापून नेला. पुढे गडद बाभूळ, तिच्यामागे खोपटाचं छप्पर जेमतेम, आणि उजवीकडे अर्धी चौकट कोरी पांढरी. त्यांनी हात धोतराला पुसले, फोटो उन्हाकडे तिरपा धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्या कोऱ्या पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं हीर हाय," म्हणाले. बोट थोडं खाली सरकलं. "आन् ह्यो बांध. ह्येच्या पल्याड भावाचं रान."