डावी नळी

साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं दुकान आहे, चष्मे, घड्याळं आणि जुने कॅमेरे, दुर्बिणी वगैरे. वडिलांच्या काळापासून लोकांना सवय आहे की काचेचं काहीही बिघडलं तर इकडे आणायचं, त्यामुळे मी नाही म्हणलं की लोकांना आधी खरंच वाटत नाही.

जुलैची गोष्ट, पाऊस असा की गिऱ्हाईक यायची आशाच नव्हती. साडेअकराला एक मामा आले, पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले, सोबत पंचवीसेक वर्षांचा भाचा. मामांनी रेनकोटच्या आतनं टॉवेलात गुंडाळलेली दुर्बीण काढली. १०×४२, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि समोरचं भिंग ४२ मिलिमीटरचं, युरोपातल्या एका कंपनीची (नाव नको), मुलाने तिकडून येताना आणलेली, किंमत दोन लाखांच्या वर. असली चीज आमच्या काउंटरवर वर्षातनं एखाद्या वेळी येते, मी आधी हात पुसले.

मामांची तक्रार साधी होती. काल कासला गेले होते, धुकं होतं, घरी आले तर धुकं दुर्बिणीतच राहिलेलं. बाहेरनं पुसलं, पंख्याखाली ठेवली, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवली (हे तांदळाचं कुणी काढलंय देव जाणे), पण जाईना. आणि त्याच्या आधीपासनं फोकसचं चाक मधेच घर्र करून अडकायचं. "तू जरा खोल आणि पूस रे, तुझ्या वडलांनी माझी जुनी दुर्बीण दहा मिनिटात करून दिली होती."

ते खरंय. पण ती जुनी पोरो प्रिझमची होती, समोरची भिंगं लांब आणि डोळ्याकडचा भाग जवळ, ते पसरट खांदे असतात ना, तसली. तिच्यात प्रिझम आपल्या हातात येतात, कातड्याखाली बारीक स्क्रू असतात, ते अर्धा अर्धा आटा फिरवून दोन्ही चित्रं एकावर एक बसवायची. या नवीन सरळ नळीच्या दुर्बिणीत मामला वेगळा आहे. आत हवाच नसते, कोरडा नायट्रोजन नाहीतर आरगॉन भरलेला असतो, जिथे जिथे सांधा तिथे रबर रिंग. आत वाफच नाही तर धुकं धरणार कसलं? म्हणजे आतनं धुकं आलंय याचा अर्थ कुठनं तरी वारं शिरलंय, आणि मी उघडली तर साताऱ्याची जुलैमधली हवा आणखी आत जाणार, नायट्रोजन काय आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात मिळतो, पण तो घेऊन मी काय करू.

मी हातभर लांब धरून आयपीसकडे, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाकडे बघितलं. असं धरलं की दोन्हीकडे उजेडाचा एकेक गोल ठिपका दिसतो, ४२ भागिले १०, म्हणजे ४.२ मिलिमीटरचा. उजवा ठिपका एकदम पांढराशुभ्र, डावा ताकासारखा. एकाच नळीत. आता कासचं धुकं दोन्ही नळ्यांवर सारखंच पडलं असणार की.

मग डावा आयकप, डोळ्याला टेकतो तो कप, काढला, तो फिरवून निघतो, तेवढं काढायला काही हरकत नसते. डोळ्याला लूप लावला, घड्याळजीचं छोटं भिंग असतं ते. आत जी काळी रिंग असते तिला समोरासमोर दोन खाचा असतात, त्यात दोन टोकांचा पाना घालून फिरवायची. एका खाचेचा काठ उचकटलेला, काळा रंग उडून पितळ चमकत होतं, आणि तिथनं एक ओरखडा वाकडा बाहेर आलेला, पाना घसरला की येतो तसा. पाना पण नव्हेच, बहुतेक कंपासपेटीतला कर्कटक.

मी म्हणलं, मामा, ही कुणी उघडली होती? मामा म्हणाले, छे, मी कुणाला हात लावू देत नाही. भाचा तेवढ्यात पाऊस बघायला वळला.

आता इथे मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला अजून कळत नाही. मी लूप मामांच्या हातात दिला आणि दुर्बीण उजेडाकडे तिरपी धरली. मामांनी बराच वेळ बघितलं. काही बोलले नाहीत. मग लूप भाच्याकडे दिला. भाच्याने न बघताच सांगून टाकलं, की चाक घर्रघर्र करत होतं म्हणून मामांना सरप्राईज द्यायला मित्राच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात नेली होती, त्याने "जरा उघडून" बघितली. आणि गंमत बघा, फोकसचं चाक मधल्या बिजागरीत, आणि पठ्ठ्याने उघडला डोळ्याकडचा भाग! मूळ दुखणं राहिलं तिथंच, वर हे नवीन.

खरी भानगड पुढेच होती. वॉरंटी शिल्लक होती, मुलाकडे बिल होतं, पण भारतातल्या डीलरने फोनवर सांगितलं की आमच्याकडनं घेतलेली नाही, थेट कंपनीला लिहा. मामा म्हणाले, लिही की आपोआप धुकं आलं. मी म्हणलं, मामा, तिकडचा माणूस आयकप काढल्या काढल्या मला दिसलं तेच बघणार, आणि एकदा खोटं सापडलं की चाकाचं पण कोण ऐकून घेणार. चाकाची तक्रार अस्सल होती, ती वाचवायची तर उघडल्याचं कबूल करायलाच पाहिजे. मामा चिडले, छत्री घेऊन उठले पण, मग बाहेरचा पाऊस बघून परत बसले.

शेवटी मेल भाच्यानेच टाईप केला, मी शेजारी उभा. चाकाचं वेगळं, धुक्याचं वेगळं, बिलाचा फोटो, सिरीयल नंबरचा फोटो आणि ओरखड्याचा क्लोजअप, तो मी लूपमधनं मोबाईलने काढला. चार दिवसांनी उत्तर आलं, पाठवून द्या, बघून अंदाज देतो. पाठवताना आधी कस्टमची कागदपत्रं करावी लागली, वस्तू दुरुस्तीला जातेय आणि परत येणार असं, नाहीतर येताना नवीन माल म्हणून ड्युटी लागते. यात भाच्याचे तीन हेलपाटे झाले आणि मला त्याची अजिबात दया आली नाही.

अंदाज आला तो असा, चाकाची यंत्रणा वॉरंटीत, फुकट. डावी नळी उघडून सुकवणे, रिंगा बदलणे, गॅस भरणे, दोन्ही नळ्या जुळवणे, याचे पैसे, आपल्या हिशोबाने १८ हजाराच्या आसपास. सुदैवाने बुरशी लागली नव्हती, ती लागली असती तर भिंगावरचं कोटिंगच खाल्लं असतं. पैसे भाच्याने दिले, हप्त्याने, मामांनी एक रुपया सोडला नाही.

नोव्हेंबरात पार्सल आलं. मामांनी ते घरी फोडलंच नाही, दुकानातच आणलं. आम्ही गच्चीवर गेलो, अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरवर दुर्बीण लावली, मग डोळ्यापासनं वीतभर मागे घेत गेलो, टॉवरची आडवी पट्टी दोन्हीकडे एकाच रेषेत राहते का बघायला. राहिली. चाक लोण्यासारखं. मामांनी पण बघितलं, मग भाच्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि म्हणाले, रविवारी पहाटे पक्षी बघायला मायणीला जायचंय, गाडी तू चालवायची.

खोक्यात एक प्लास्टिकची छोटी पिशवी होती, काढलेले जुने पार्ट, त्यात ती उचकटलेली रिंग. मामा म्हणाले, हे ठेव तुझ्याकडे. ती गल्ल्यात आहे, सुट्ट्या पैशाच्या कप्प्यात, मधनं मधनं कुणाला तरी दोन रुपयाचं नाणं म्हणून हातात जाता जाता राहते.