परिपाठ आणि कलम २८
आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक खेड्यांत शिक्षणाची सोय म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. तिथे कुणबी, बौद्ध, गोंड, बंजारा आणि मुसलमान घरांतील लेकरे मांडीला मांडी लावून बसतात, म्हणूनच परिपाठात काय म्हटले जावे हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका यांबद्दल कोणाची हरकत नसते. अडचण सुरू होते ती एखाद्या देवाच्या स्तोत्रापाशी. अशा वेळी रांगेत हात जोडून, पण ओठ मिटून, बाईंकडे चोरून पाहणारी मुलगी मी पाहिली आहे.

पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. अनुदानित वा शासनमान्य शाळेतही पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. धर्मांविषयी माहिती शिकवण्यास मात्र हे कलम आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले, आणि ते योग्यच आहे. प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण का, हा वाद निराळा. केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेच्या प्रकरणात २०१९ मध्ये न्यायालयाने तो मोठ्या पीठाकडे नेण्याचा मार्ग धरला.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने विचारले, “गावात आपलीच घरं जास्त हायत, मंग अडचण काय हाय?” याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत देऊन ठेवले आहे. डिस्ट्रिक्ट किंवा लोकल बोर्डाच्या शाळेत बहुसंख्य विद्यार्थी हिंदू आहेत एवढ्या आधारावर धार्मिक शिक्षण दिले, तर सर्वांच्या करातून आलेला पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरला जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या शाळेसाठी तो जसाच्या तसा लागू आहे.

संमतीपत्र घ्या म्हणजे झाले, असेही सुचवले जाते. पण ज्याच्या शेतात कापूस वेचायला जायचे तोच समितीत बसलेला असेल, तर मजूर आई नकार कशी लिहील? भजनाला गावात मंदिर आहे, वंदनेला विहार आहे, नमाजाला मशीद आहे. मुख्याध्यापकांनी परिपाठाची यादी कलम २८ च्या मजकुरासह समितीपुढे ठेवावी आणि एकाच धर्माचे जे असेल ते कोणी तक्रार करण्याआधीच वगळावे, एवढीच माझी मागणी आहे.