लाव्याच्या शिवारातली नागनदी

नागपूरजवळच्या वाडीहून खडगाव रोडनं लाव्याला पोचलो तेव्हा श्रावणातली उघडीप होती. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, पऱ्हाटीत निंदण सुरू. गावाबाहेर रस्ता उतरतो तिथल्या रपट्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. धुऱ्यावर बसलेल्या काकांना विचारलं, "काका, हीच का नागनदी?"

"नदी तिकडं शहरात, जी. हा तर आपला नाला हाय. पाणी पडलं का घंटाभर चढते, मंग उतरते."

वर चालत गेलो. इथं कुंड नाही, गोमुख नाही. काळ्या दगडाच्या बुटक्या टेकड्या, त्यावर मुरमाचा पातळ थर. पाणी मुरतं थोडं, पळतं जास्त. पळस आणि शिंदीच्या मधून बारीक घळी उतरतात, त्यांचा ओहोळ होतो, ओहोळांचा नाला. कुठल्या घळीला उगम म्हणायचं हे मला ठरवता आलं नाही, आणि ठरवावंसंही वाटलं नाही. ज्याचं शेत काठाला, त्याच्या नावानं तेवढा तुकडा ओळखला जातो.

हेच पाणी पुढे अंबाझरी तलावात येतं आणि तिथून नदी म्हणून शहरात शिरतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास जे नगर वसवलं, त्याला हिचंच नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून काठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा सगळे नदीबद्दल बोलत होते. तलावाच्या वरच्या शिवाराचं नाव क्वचित कोणी घेतलं.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते पाणलोटानं. नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. नागपूरच्या पश्चिमेचं बरंच पाणी मात्र वेणा नदीत उतरतं. हिंगणघाटची माणसं तिला वणा म्हणतात. ती वर्धा नदीला मिळते. शेजारच्या शिवारांत पडलेला पाऊस असा दोन वाटांनी जातो आणि थेट गडचिरोलीत, चपराळ्याला वर्धा-वैनगंगेच्या संगमावर एकत्र येऊन प्राणहिता होतो.

रपट्यापाशी पाटी नाही. ती लागावी असं मला मनापासून वाटतं. वर 'नागनदी' आणि खाली 'लाव्याचा नाला', दोन्ही सारख्याच अक्षरांत.