देवनागरी नावांची सीडी इमेज: कमांडलाइनवरचा माझा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या गावांतून गोळा झालेल्या हस्तलिखित भजनवह्या आणि नाटकाच्या वह्या स्कॅन करून झाल्या होत्या. त्यांचे संच बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागातल्या लहान वाचनालयांना द्यायचे होते. तिथे संगणक जुने, सीडी ड्राइव्ह चालू आणि इंटरनेट बेभरवशाचं. म्हणून आयएसओ इमेज, म्हणजे सीडीवर जशीच्या तशी लिहायची फाईल, करायचं ठरलं. आयएसओचा आणखी एक फायदा मला मोठा वाटतो. अख्खा संच एकाच फाईलमध्ये बंद होतो, आत कोणी नाव बदलू शकत नाही आणि एका चेकसमवर (फाईलच्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) सगळी पानं शाबूत आहेत का ते कळतं.

इमेज तयार करणं म्हणजे एक कमांड. वेळ गेला तो नावांत. फाईलींची नावं मराठीत होती, काही कन्नडमध्ये, आणि ती समोरच्या संगणकावर तशीच दिसायला हवी होती.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर मी जेनआयएसओइमेज हे इमेज करायचं साधन वापरतो. त्याचं मूळ, एमकेआयएसओएफएस, हे एरिक यंगडेल यांचं. पुढे ते सीडीआरटूल्स या साधनसंचात वाढलं आणि २००६ मध्ये परवान्याच्या वादातून डेबियनने सीडीआरकिट ही वेगळी शाखा काढली, त्यातलं हे साधन. झॉरिसो हे लिबबर्निया प्रकल्पाचं नवं साधन. त्याला ‘अ‍ॅज एमकेआयएसओएफएस’ असं सांगितलं की जवळपास हेच पर्याय चालतात.

वाचनालयातल्या माणसाला मी कमांड फोनवर सांगतो, तशीच इथे उच्चाराने लिहितो. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायची. जेनआयएसओइमेज, डॅश मोठं व्ही आणि लेबल, डॅश छोटं आर, डॅश मोठं जे, डॅश जोलिएट-लाँग, डॅश इनपुट-कॅरसेट यूटीएफ-८, डॅश छोटं ओ आणि तयार होणाऱ्या फाईलचं नाव, शेवटी ज्या फोल्डरची इमेज करायची तो फोल्डर.

यातलं प्रत्येक अक्षर का आहे ते समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत. आयएसओ ९६६० हे मानक १९८८ चं. त्याच्या पहिल्या पातळीत नाव आठ अक्षरांचं, पुढे टिंब आणि तीन अक्षरं, तीही मोठी रोमन, अंक आणि अधोरेषा एवढीच. देवनागरीला तिथे जागाच नाही. म्हणून वर दोन थर चढवले जातात. रॉक रिज हा लिनक्स-युनिक्ससाठी, त्यात लांब नावं आणि परवानग्या राहतात. जोलिएट हा मायक्रोसॉफ्टचा, त्यात नावं युनिकोड या सगळ्या लिपींच्या चिन्हसंचात, प्रत्येक चिन्हाला दोन बाइट घेऊन बसतात. विंडोज रॉक रिजकडे बघतच नाही. लिनक्स मात्र रॉक रिज असलं की तेच दाखवतं आणि जोलिएटकडे वळत नाही. म्हणजे इमेज लिनक्सवर तपासायची आणि वापरणाऱ्याकडे विंडोज, असं असेल तर आपण तपासतो एक थर आणि तो बघतो दुसराच. या कामातली सगळ्यात महागात पडणारी गफलत हीच.

मोठं आर आणि छोटं आर यांत फरक आहे. मोठं आर मूळ मालक आणि परवानग्या जशाच्या तशा ठेवतं. छोटं आर मालक शून्य करतं आणि सगळ्यांना वाचायची परवानगी देतं. दुसऱ्याला द्यायच्या इमेजला छोटंच लावावं, नाहीतर समोरच्याच्या लिनक्सवर ‘परवानगी नाही’ असं येतं.

आता मर्यादा. जोलिएटमध्ये नाव ६४ चिन्हांचं. ऐकायला भरपूर वाटतं, पण मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह ही प्रत्येक स्वतंत्र मोजली जातात. ‘दुसऱ्या’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द, मोजणीत सात: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. आमच्या फाईलींची नावं सुरुवातीला अशी होती: ‘खानापूर_तालुका_नंदगड_हस्तलिखित_भजनवही_क्रमांक_१२_दुसरी_प्रत_पान_००१’. शेवटचं टिंब आणि टिफची तीन अक्षरं धरून हे ७१ चिन्हं होतं. पान क्रमांक नेमका ६४ च्या पलीकडे. तो कापला गेला की वहीतल्या सगळ्या पानांची नावं एकसारखी होतात. दोन फाईलींचं जोलिएट नाव एकच आहे असं सांगून साधन थांबतं आणि जोलिएट-लाँग वापरून बघा असं सुचवतं.

जोलिएट-लाँगने मर्यादा १०३ होते. ते जोलिएटच्या नियमात बसत नाही, पण आमच्याकडच्या विंडोज संगणकांवर चाललं. तरी माझा आग्रह नावं आखूड करण्याचाच. पान क्रमांक आधी, मग गाव, मग वही: ‘००१_नंदगड_भजनवही_१२’. बाकीची माहिती संचातल्या सूची नावाच्या मजकूर फाईलमध्ये. अंकही एकाच लिपीत ठेवावेत. रोमन १ आणि देवनागरी १ एकाच फोल्डरमध्ये मिसळले की क्रम लागताना दोन वेगळे गठ्ठे पडतात.

रॉक रिजची मर्यादा २५५ बाइटची. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं चिन्ह तीन बाइट घेतं, कन्नडचंही तीनच. म्हणजे ८५ चिन्हं. वरचं लांबलचक नाव १८५ बाइटचं, म्हणून रॉक रिजमध्ये ते अख्खं बसलं, जोलिएटमध्ये नाही.

सीमाभागात आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, घरात आणि वहीत बेळगाव. फोल्डरला एकदा हे, एकदा ते असं झालं की एकाच गावच्या वह्या दोन ठिकाणी जातात. आम्ही वहीवर जे लिहिलंय ते फोल्डरला ठेवलं आणि सूचीत दोन्ही दिलं.

मग ‘ऱ’. हा मुद्दा मराठीवाल्यांनाच भेडसावतो, म्हणून सविस्तर सांगतो. युनिकोडमध्ये ऱ हे एक सुटं चिन्ह आहे, ०९३१. पण तेच र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईलप्रणाली नावं साठवताना ते असं फोडून ठेवते. तिसरा प्रकार कीबोर्डचा: र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही ‘दुसऱ्या’ हुबेहूब सारखे. आत पहिला सात चिन्हांचा, बाकीचे आठ. परिणाम असा की एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली दिसतात, शोधताना एकच सापडते आणि चेकसमच्या यादीतलं नाव डिस्कवरच्या नावाशी जुळत नाही. यावर इलाज कॉन्व्हएमव्ही हे फाईलींची नावं बदलणारं साधन. त्याला दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ सांगून एनएफसी (फोडलेली चिन्हं जोडून एक करणारा) हा पर्याय द्यायचा. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं. नोटेस्ट लिहिल्याशिवाय प्रत्यक्ष बदल करत नाही, ही त्याची चांगली सवय. फोडलेला नुक्ता याने जुळतो. न दिसणारा जोडक मात्र जात नाही, तो शोधून हाताने किंवा रीनेम या कमांडने काढावा लागतो. हे सगळं इमेज करायच्या आधी. नंतर काही करता येत नाही.

इनपुट-कॅरसेट, म्हणजे नावं कोणत्या चिन्हसंचात आहेत ते सांगणारा पर्याय, वगळला तर काय होतं? टर्मिनलवर बसून कमांड दिली तर बहुतेकदा काहीच नाही, कारण साधन लोकेलवरून (प्रणालीच्या भाषेच्या सेटिंगवरून) यूटीएफ-८ ओळखतं. पण तीच कमांड क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) रात्री चालवली की लोकेल नसतं आणि नावं आयएसओ ८८५९-१ या रोमन चिन्हसंचातली समजून वाचली जातात. तीन बाइटचं एक अक्षर तीन वेगळी चिन्हं बनतं. गंमत नाही, धोका असा की रॉक रिजमध्ये बाइट जसेच्या तसे जातात, म्हणून लिनक्सवर नावं ठणठणीत दिसतात. बिघडतं फक्त जोलिएट, आणि ६४ ची मर्यादा २१ अक्षर-चिन्हांवर येते ती वेगळीच.

खानापूरहून एकदा फोन आला, ‘‘अहो, फोल्डर उघडलं की नुसत्या चौकटी दिसायल्यात बघा.’’ अशा वेळी पहिला प्रश्न नेमकं काय दिसतंय हाच विचारावा. चौकटी दिसत असतील तर नाव डिस्कवर बरोबर आहे, त्या संगणकाला देवनागरी दाखवता येत नाही. विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाईली बसवायच्या, त्यासाठी एक्सपीची सीडी मागितली जाते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असेल तर कॅरसेट चुकलाय, इमेज परत करावी लागेल. नुसत्या अधोरेषा आणि अंक दिसत असतील तर जोलिएट थरच घातलेला नाही आणि मूळ आयएसओ नावं दिसतायत. प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि संगणक लिनक्सचा असेल, तर बहुधा जोलिएट माउंट करताना (डिस्क प्रणालीला जोडताना) आयओकॅरसेट यूटीएफ-८ सांगितलेलं नाही.

म्हणून इमेज झाली की मी ती तीनदा माउंट करतो, लूप (फाईललाच डिस्क मानणारा) आणि आरओ (फक्त वाचायला) हे पर्याय लावून. एकदा साधी. एकदा नोरॉक आणि आयओकॅरसेट यूटीएफ-८ देऊन: विंडोजवाल्याला काय दिसणार ते इथे कळतं. एकदा नोरॉक आणि नोजोलिएट दोन्ही देऊन, फाईलींची संख्या तेवढीच आहे ना एवढं बघायला. माउंट करायची सोय नसेल तर आयएसओइन्फो या साधनाला मोठं जे आणि छोटं एल देऊन यादी काढावी.

फोल्डर देताना एक लक्षात ठेवायचं: फोल्डरच्या आतलं सगळं इमेजच्या मुळाशी जातं, फोल्डरचं स्वतःचं नाव जात नाही. तीन वह्यांचे तीन फोल्डर दिले तर तिघांतली पानं एकत्र ओतली जातात आणि ००१ ची ००१ शी टक्कर होते. ग्राफ्ट-पॉइंट्स हा पर्याय लावून ‘इमेजमधला फोल्डर, तिरकी रेघ, बरोबरचं चिन्ह, डिस्कवरचा मार्ग’ असं लिहिलं की प्रत्येक वही आपापल्या जागी राहते. तयार होणारी आयएसओ त्याच फोल्डरमध्ये ठेवू नये. दुसऱ्यांदा कमांड चालवली की आधीची आयएसओही संचात मोजली जाते. विंडोज आपणहून करतं त्या थम्ब्स-डीबीसारख्या फाईली वगळायला छोटं एम, आणि नमुन्यात तारका असेल तर तो अवतरणचिन्हांत, नाहीतर शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) तो आधीच उलगडतं. लेबल रोमन मोठ्या अक्षरांत आणि १६ च्या आत. मानकात ३२ ची मुभा आहे, पण जोलिएटच्या रकान्यात १६ च मावतात.

आकार आधी काढावा. प्रिंट-साइज आणि क्वाएट दिलं की इमेज न करता २०४८ बाइटचे किती सेक्टर (डिस्कवरचे तुकडे) लागतील तो आकडा येतो. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट. ए-४ पान ३०० डीपीआयला करड्या रंगात न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवलं तर २४८० गुणिले ३५०८, सुमारे ८७ लाख बाइट. सीडीवर अशी ८४ पानं, रंगीत असतील तर २८. डीव्हीडी प्लस आरचे सेक्टर २२,९५,१०४, त्यावर करडी पानं सुमारे ५४०. काठोकाठ भरू नका. साधन शेवटी १५० रिकामे सेक्टर आपणहून जोडतं. एका फटक्यात न लिहिलेल्या सीडीच्या शेवटी लिनक्स पुढचं वाचायला जातं आणि वाचनाची चूक दाखवतं, ती टाळायला ही भर आहे. नोपॅड लावून ती काढू नये.

भजनाचं चित्रीकरण असलेली एखादी फाईल ४ जीबीच्या वर गेली तर जेनआयएसओइमेज ती घेत नाही. तिथे झॉरिसो आणि आयएसओ पातळी ३. फाईल तुकड्यांत नोंदली जाते.

सीडी लिहिताना वोडिम या लिहिण्याच्या साधनाला डीएओ (अख्खी डिस्क एका फटक्यात) आणि कमी वेग, माझ्याकडे ८. खानापूर बाजूच्या पावसाळ्यात वीज केव्हाही जाते आणि अर्ध्यात तुटलेली सीडी-आर वाया जाते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरल्याशिवाय सुरुवात नाही. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवत नाही, दमट हवेत कडा सुटतात. मधल्या पारदर्शक कड्यावर सीडी-पेनने क्रमांक.

लिहून झालं की आयएसओ फाईलचा बाइटमधला आकार २०४८ ने भागायचा. भागाकार पूर्ण आला पाहिजे. तेवढेच सेक्टर डीडी या कमांडने ड्राइव्हमधून वाचायचे, बीएस २०४८ आणि काउंट तो आकडा, आणि ते थेट एसएचए-२५६ या चेकसम काढणाऱ्या साधनाकडे द्यायचे. काउंट न देता अख्खी डिस्क वाचली तर शेवटचे जादा सेक्टर मिसळून चेकसम वेगळा येतो आणि चांगली सीडी खराब ठरते. आकडा जुळला तरच डिस्क पाकिटात, आणि तोच चेकसम पाकिटाच्या मागे हाताने लिहून.